हजेरीत टेनेसीचं नावच नाही!

तुम्हाला हे माहीत होतं? खरं सांगा! मला नव्हतं, आणि कळल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये, म्हणून आता तुम्हीही चला माझ्याबरोबर.

४ डिसेंबर १८६५. वॉशिंग्टन. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम आठ महिने झालेत. संसदेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला दिवस. एडवर्ड मॅकफर्सन नावाचे सभागृहाचे क्लार्क हजेरी घेतायत. एकेक राज्य, एकेक नाव. आणि मग टेनेसी यायचं तिथं टेनेसी येतच नाही! ते राज्य ओलांडून हजेरी सरळ पुढं जाते! टेनेसीचे होरेस मेनार्ड उठतात, काहीतरी बोलू पाहतात, आणि क्लार्क म्हणतात, हजेरी चालू आहे, मध्ये बोलता येणार नाही. संपलं! फक्त टेनेसी नव्हे, बंड करून उठलेल्या एकाही राज्याचं नाव त्या दिवशी पुकारलं गेलं नाही. माणसं निवडून आलीत, गाडीत बसून राजधानीपर्यंत पोचलीत, सभागृहात उभी आहेत, आणि त्यांचं नाव नाही!

आता यातली गंमत बघा. हे मेनार्ड बंडखोर नव्हतेच. टेनेसी फुटली तेव्हाही ते देशाच्या बाजूनं उभे राहिले होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन स्वतः टेनेसीचे! म्हणजे ज्या राज्याचा माणूस देशाचा अध्यक्ष, तेच राज्य हजेरीतून गायब! मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. मग पुन्हा उघडलं. तेच लिहिलं होतं!

मी इतिहासकार नाही. वकील तर नाहीच नाही. शाळेत लिंकनचा धडा होता, त्यात गुलामगिरी गेली, युद्ध संपलं, लिंकनला गोळी लागली, आणि धडा संपला. पुढं काय, हे ना बाईंनी सांगितलं ना आम्ही विचारलं. पण जरा विचार करा ना! अकरा राज्यं एका देशातून फुटून निघाली. डिसेंबर १८६० मध्ये साऊथ कॅरोलायना पहिली, आणि मग एकामागून एक बाकीची. त्यांनी स्वतःचा अध्यक्ष निवडला, चलन छापलं, चार वर्षं लढाई केली, लाखो माणसं मेली, आणि ती हरली. पण सकाळी उठल्यावर? त्या सकाळी अलाबामा नेमकी कुठं असते? देशात? देशाबाहेर? तिचे खासदार कोण? तिचे कायदे कुणाचे? आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत याचं उत्तर नाही! एक ओळ नाही! राज्य फुटून कसं निघतं हे त्यात नाही, तेव्हा फुटलेलं राज्य परत कसं येतं हेही नाही. सगळं त्यांना चालता चालता ठरवावं लागलं. मला वेड लागलंय ते याच गोष्टीचं!

भाऊबंदकी आठवा. एक भाऊ भांडून, दार आपटून घराबाहेर गेला, आणि काही वर्षांनी हरून दारात आला. त्याचं नाव सातबाऱ्यावरून गेलं होतं का होतंच? जॉन्सन म्हणायचे, होतंच! राज्याला फुटता येतच नाही, म्हणून ही राज्यं कधी गेलीच नाहीत, बंड माणसांनी केलं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर म्हणायचे, नाही, बंड करून या राज्यांनी आत्महत्या केली, आता उरली आहे ती नुसती जमीन. आणि पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स, ज्यांच्या आखणीतून ती डिसेंबरची हजेरी घडली, ते म्हणायचे, हे जिंकलेले प्रांत आहेत, अटी आपण घालायच्या. आणि लिंकन? ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात, म्हणजे आयुष्यातल्या शेवटच्या जाहीर भाषणात, त्यांनी सांगून टाकलं की ती गेली होती का नव्हती हा वादच निरर्थक आणि घातक आहे. ती घरी सुखरूप पोचली की बाहेर होती का नव्हती यानं काही बिघडत नाही. किती मोठं मन! त्याच भाषणात ते म्हणाले की लष्करात लढलेल्या आणि शिकलेल्या काळ्या माणसांना मत मिळावं. गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्यानं लिंकनना गोळी घातली.

आणि मग मी मागं गेले, १८६३ मध्ये, कारण लिंकनची योजना युद्ध चालू असतानाच तयार होती! ८ डिसेंबर १८६३ चं घोषणापत्र. १८६० च्या निवडणुकीत राज्यात जितकी मतं पडली, त्याच्या फक्त दहा टक्के लोकांनी निष्ठेची शपथ घेतली की तिथं नवं सरकार उभं करता येईल. दहा टक्के! संसदेतल्या कडव्यांना हे फारच थोडं वाटलं. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात निम्म्याहून जास्त गोऱ्या पुरुषांची शपथ हवी होती, आणि लिंकननी त्यावर सहीच केली नाही. पण शपथेतला फरक बघा, मला तो फार आवडला. लिंकनची शपथ पुढची होती: इथून पुढं मी निष्ठावान राहीन. संसदेची कडक शपथ मागची होती: मी कधीही आपणहून बंडाला मदत केलेली नाही. पहिली शपथ कुणीही घेऊ शकतो, अगदी काल बंदूक टाकलेला माणूससुद्धा! दुसरी दक्षिणेत किती जण खरेपणानं घेऊ शकले असते? माणसाला भविष्यावर आत घ्यायचं का भूतकाळावर, हा केवढा मोठा प्रश्न, आणि तो शपथेच्या एका वाक्यात मावला होता!

एक उपकथा मध्येच सांगून टाकते, नाहीतर राहील. वेस्ट व्हर्जिनिया! व्हर्जिनिया फुटली तेव्हा तिच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागाला फुटायचं नव्हतं. पण घटनेप्रमाणे एखाद्या राज्याचा तुकडा करायचा तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. मग फ्रान्सिस पिअरपाँट नावाच्या गव्हर्नरचं छोटंसं निष्ठावान सरकार उभं राहिलं, तेच खरं व्हर्जिनियाचं सरकार असं केंद्रानं मानलं, त्या सरकारनं व्हर्जिनियाच्या वाटणीला संमती दिली, आणि २० जून १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया नवं राज्य झालं. म्हणजे वाटणीपुरती व्हर्जिनिया देशात होती! आणि परत यायची वेळ आली तेव्हा तिला जानेवारी १८७० पर्यंत थांबावं लागलं!

तर जॉन्सन. लहानपणी शाळा नाही, धंदा शिंप्याचा, बड्या जमीनदारांचा मनस्वी राग. राज्य फुटल्यावरही सिनेटमध्ये बसून राहिलेले दक्षिणेचे ते एकटेच सिनेटर. लिंकन गेल्यावर सगळ्यांना वाटलं, हा माणूस बंडखोरांना सोडणार नाही. मे १८६५ मध्ये त्यांनी सरसकट माफी जाहीर केली, पण काही वर्ग वगळून. त्यातला एक वर्ग म्हणजे वीस हजार डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेले लोक. त्यांनी अध्यक्षांकडे वैयक्तिक अर्ज करायचा! आणि मग कालपर्यंत ज्यांच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते ते मालक या एकेकाळच्या शिंप्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले, माफी मिळवून देणारे दलाल तयार झाले, अर्जांचे गठ्ठे वाढत गेले, आणि जॉन्सननी हजारोंनी माफ्या वाटल्या.

आणि दक्षिणेनं काय केलं? मिसिसिपीनं कायदा केला की प्रत्येक काळ्या माणसाकडं दर जानेवारीत नोकरी असल्याचा लेखी पुरावा पाहिजे, नाहीतर तो भटक्या, त्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर त्याची मजुरी दुसऱ्याला विकायची. गुलामगिरी मागच्या दारानं परत! आणि जॉर्जियानं जानेवारी १८६६ मध्ये सिनेटवर निवडून पाठवलं कुणाला? अलेक्झांडर स्टीव्हन्सना! बंडखोर महासंघाचे उपाध्यक्ष! ज्या देशाविरुद्ध चार वर्षं लढाई चालवली, त्याच देशाच्या वरच्या सभागृहात! मी वाचता वाचता मोठ्यानं ओरडले.

आता संसद त्यांना आत का घेईना ते कळलं ना? पण अजून एक हिशोब आहे आणि तो मला कळला तेव्हा मी ताडकन उभी राहिले. जुन्या घटनेत प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना गुलाम माणूस तीनपंचमांश धरायचे. आता गुलामगिरी गेली, म्हणजे तो पूर्ण एक धरला जाणार! म्हणजे दक्षिणेच्या जागा वाढणार! आणि त्याला मत तर नाही! बंड केलं, हरले, आणि परत येताना आधीपेक्षा जास्त खुर्च्या घेऊन येणार! संसदेच्या हातात एकच किल्ली होती: आपल्या सभागृहात कुणाला बसवायचं हे प्रत्येक सभागृह स्वतः ठरवतं. तोफा नाहीत, रणांगण नाही, सगळं भांडण आता खुर्चीवर येऊन ठेपलं.

पण हजेरीच्या त्याच डिसेंबरात, त्याच महिन्यात, गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्या वेळी छत्तीस राज्यं, म्हणजे सत्तावीस राज्यांची मंजुरी हवी. ती सत्तावीस भरली कशी? त्यात आठ राज्यं बंडखोरांपैकी होती! सत्ताविसावी जॉर्जिया! म्हणजे घटना बदलायला त्यांचं मत चाललं, पण त्यांचा माणूस सभागृहात बसायला चालला नाही! आत आणि बाहेर, एकाच वेळी! आणि मला खरंच वाटतं की यात लबाडी कमी आणि घाई जास्त होती. गुलामगिरीला एकदाचं घटनेतून हाकलायचं होतं, तर्क नंतर बसवू.

मग १८६६ च्या जूनमध्ये संसदेनं चौदावी दुरुस्ती मंजूर करून राज्यांकडं पाठवली. जो इथं जन्मला तो नागरिक, कायद्याचं संरक्षण सगळ्यांना समान, शपथ मोडून बंड केलेल्यांना पदबंदी, बंडखोरांची कर्जं रद्द. आणि टेनेसी धावली! तिथले गव्हर्नर ब्राउनलो, आधीचे धर्मोपदेशक, जिभेला हाड नाही. विधिमंडळाचं कोरम भरेना, कारण विरोधक घरी बसले. मग दोन सदस्यांना पकडून आणलं! अक्षरशः पकडून! बाजूच्या खोलीत बसवलं! ते हजेरीला ओ देईनात, सभापती म्हणाले हे गैरहजर, सभागृहानं सभापतींचंच म्हणणं उलटवलं, दोघांना हजर धरलं, कोरम भरलं, दुरुस्ती मंजूर! ब्राउनलोंनी वॉशिंग्टनला तार केली, लढाई जिंकली असं कळवलं, आणि शेवटी अध्यक्ष जॉन्सनना मेलेला कुत्रा म्हणून त्यांना नमस्कार सांगितला. सरकारी तारेत! २४ जुलै १८६६ ला टेनेसी परत आली आणि होरेस मेनार्ड अखेर आपल्या खुर्चीत बसले!

उरली दहा. त्या दहांनी चौदावी दुरुस्ती फेटाळली. मेम्फिस आणि न्यू ऑर्लीन्समध्ये १८६६ च्याच उन्हाळ्यात काळ्या माणसांच्या कत्तली झाल्या, उत्तरेतले मतदार खवळले, निवडणुकीत संसदेची बाजू प्रचंड जिंकली, आणि मग २ मार्च १८६७. जॉन्सननी कायदा नाकारला, आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी तो नकार उडवून लावला! दहा राज्यांचे पाच लष्करी जिल्हे! व्हर्जिनिया, जिथून वॉशिंग्टन आणि जेफरसन आले ती व्हर्जिनिया, आता जिल्हा क्रमांक एक! बाहेर पडायचा रस्ता असा: प्रौढ पुरुषांनी, काळ्या आणि गोऱ्या दोघांनी, घटनासमिती निवडायची, तिनं नवी राज्यघटना लिहायची, मतदारांनी ती मान्य करायची, संसदेनं ती बघायची, चौदावी दुरुस्ती मंजूर करायची, आणि मग दार उघडणार.

इथं थांबा. इथं खरंच थांबा, कारण माझ्या अंगावर काटा येतो तो इथं. मतदारयादी लष्करानं केली. गावोगाव नोंदणीची टेबलं लागली आणि दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांचा बाजारात लिलाव होत होता ती माणसं रांगेत उभी राहिली आणि नाव नोंदवून आली. दहा राज्यांत मिळून सात लाखांहून जास्त काळे पुरुष मतदार झाले! पाच राज्यांत काळे मतदार गोऱ्यांपेक्षा जास्त! आणि जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्स्टनला, ज्या शहराच्या बंदरात युद्धाची पहिली तोफ उडाली त्याच शहरात, साऊथ कॅरोलायनाची घटनासमिती बसली आणि तिच्यातले बहुसंख्य सदस्य काळे होते!

त्यात एक होते रॉबर्ट स्मॉल्स. यांची गोष्ट मी कितीदा सांगितली तरी माझं समाधान होत नाही! गुलाम म्हणून जन्मलेले. बंडखोरांच्या 'प्लँटर' नावाच्या जहाजावर कामाला. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना, या तेवीस वर्षांच्या माणसानं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, बायकामुलं आणि सोबती जहाजावर घेतले, आणि फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून शिट्टीचा बरोबर तोच संकेत देत जहाज काढलं! पुढं गेल्यावर पांढरं निशाण लावलं आणि जहाज सरळ उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिलं! आणि मग हाच माणूस सहा वर्षांनी त्याच शहरात बसून आपल्या राज्याची घटना लिहितोय, आणि काय मागतोय? शाळा! सगळ्या मुलांसाठी फुकट सरकारी शाळा! बोफर्टमध्ये ज्या मालकाच्या घरी ते गुलाम होते, ते घर त्यांनी नंतर विकत घेतलं, आणि पुढं ते संसदेतही गेले!

जून १८६८. २२ तारखेला आर्कान्सॉ आत. २५ तारखेला एकाच कायद्यात सहा राज्यं: नॉर्थ कॅरोलायना, साऊथ कॅरोलायना, लुइझियाना, जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा. दोन्ही कायदे जॉन्सनचा नकार ओलांडून! अलाबामाच्या गोऱ्या मतदारांनी बहिष्कार घालून नवी घटना अडवायचा प्रयत्न केला होता, कारण नियमाप्रमाणे नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतदान हवं होतं. संसदेनं नियम बदलला आणि अलाबामाला आत घेतलं. आणि यातून चौदाव्या दुरुस्तीला हवी तितकी राज्यं मिळाली. पण त्याच वेळी, ऐका, ओहायो आणि न्यू जर्सी, उत्तरेची, युद्धात देशाच्या बाजूनं लढलेली राज्यं, त्यांनी आधी दिलेली मंजुरी मागं घेतली! परराष्ट्रमंत्री सेवर्डना कळेना मोजायचं कसं. संसद म्हणाली, दिलेली मंजुरी दिली, मोजा! कालचे बंडखोर हो म्हणतायत आणि कालचे निष्ठावंत नाही म्हणतायत! न्यू जर्सीनं आणि ओहायोनं परत रीतसर मंजुरी दिली ती थेट २००३ मध्ये!

आणि आता सांगते हे माझ्या इतकं मनात का बसलं. त्या चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं वाक्य, अमेरिकेत जन्मला तो अमेरिकेचा नागरिक. तुमच्या ओळखीतलं कुणाचं तरी नातवंड न्यू जर्सीत जन्मलं असेलच ना! तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाचणारी ती पोरं, त्यांचा पासपोर्ट, त्यांचं नागरिकत्व, हे ज्या वाक्यावर उभं आहे ते वाक्य बंडखोर राज्यांना परत घेण्याच्या या झटापटीतून आलंय! जे गेले त्यांना परत कसं घ्यायचं हे ठरवताना, मुळात इथला कोण हेच पहिल्यांदा नीट लिहून काढावं लागलं. मला या सगळ्यात सर्वात मोठी वाटली ती हीच गोष्ट! अट घातली दहा राज्यांना, आणि बदलला सगळा देश!

पण जॉर्जिया! जॉर्जियाचं सांगायचंच राहिलं! जॉर्जिया परत आली, जुलैमध्ये, आणि सप्टेंबर १८६८ मध्ये तिच्या विधिमंडळानं आपल्याच काळ्या सदस्यांना हाकलून दिलं! म्हणे, नव्या घटनेत मत द्यायचा हक्क लिहिलाय, पदावर बसायचा कुठं लिहिलाय? हेन्री मॅकनील टर्नर नावाचे धर्मोपदेशक-आमदार उभे राहिले आणि म्हणाले, मी इथं हक्क मागायला आलोय, भीक मागायला नाही. आणि मग ते बाहेर पडले. तेव्हा संसदेनं डिसेंबर १८६९ मध्ये काय केलं? जॉर्जियाला परत बाहेर काढलं! परत लष्कर! जनरल टेरींनी हाकललेल्या सदस्यांना परत बसवलं, अपात्र बंडखोरांना उठवलं, पंधरावी दुरुस्तीही मंजूर करायला लावली, आणि १५ जुलै १८७० ला जॉर्जिया दुसऱ्यांदा आत आली. अकरा राज्यांतली शेवटची! दोनदा परत आलेलं राज्य!

या धावपळीत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १८६९ मध्ये टेक्ससच्या खटल्यात निकाल दिला. भांडण रोख्यांचं होतं: युद्धाच्या काळात टेक्ससच्या बंडखोर सरकारनं विकलेले केंद्राचे रोखे परत मिळतील का? पण टेक्सस राज्य असेल तरच तिला तिथं दावा लावता येणार! सरन्यायाधीश चेस म्हणाले, संघ मोडत नाही आणि राज्यंही मोडत नाहीत. टेक्सस कधी गेलीच नव्हती. छान! पण त्या दिवशी टेक्ससवर लष्कराचा अंमल होता आणि संसदेत तिचा एक माणूस नव्हता. न्यायमूर्ती ग्रिअर यांनी वेगळं मत नोंदवून बरोबर यावरच बोट ठेवलं. मला विचाराल तर मला ग्रिअर यांचं पटतं. टेक्ससला दार उघडलं मार्च १८७० मध्ये.

आणि मिसिसिपी! २३ फेब्रुवारी १८७० ला परत, आणि दोनच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, तिच्या वतीनं सिनेटमध्ये शपथ घेतली हायरम रेव्हेल्स यांनी, अमेरिकेचे पहिले काळे सिनेटर! जेफरसन डेव्हिस, बंडखोरांचे अध्यक्ष, कधीकाळी सिनेटमध्ये याच राज्याचे प्रतिनिधी होते! विरोधकांनी दिवसभर, आणि मग दुसऱ्या दिवशीही, वाद घातला: सिनेटर व्हायला नऊ वर्षं नागरिक असावं लागतं, आणि काळा माणूस तर आत्ता आत्ता नागरिक झालाय! मतदान झालं, ४८ विरुद्ध ८. रेव्हेल्स आत!

डेव्हिसवर देशद्रोहाचा खटला चाललाच नाही, हेही मला माहीत नव्हतं. व्हर्जिनियातल्या ज्यूरीनं सोडून दिलं तर राज्य फोडणं कायदेशीर होतं असंच ठरायचं, ही धास्ती! शेवटी १८६८ च्या नाताळात सगळ्यांना माफी मिळाली. आणि बंडखोरांचे सेनापती ली यांनी ऑक्टोबर १८६५ मध्येच निष्ठेची शपथ सही करून पाठवली होती. तो कागद १९७० मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला, आणि १९७५ मध्ये त्यांना मरणोत्तर नागरिकत्व परत मिळालं!

आता एक तारीख बघा आणि मला सांगा तुमच्या काळजात काही होतं का. १८७३. अकराही राज्यं आत आलेली, प्रतिनिधिगृहात दक्षिणेतून निवडून आलेले सात काळे सदस्य, आणि त्याच वर्षी इकडं पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध होते आणि ते ती अर्पण करतात अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या माणसांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल! आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा म्हणून! अर्पणपत्रिका मला माहीत होती. पण त्या अर्पणपत्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, त्याच महिन्यांत, हे सगळं चालू होतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं! आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्या टोळीनं निवडणुकीच्या वादातून काळ्या माणसांची कत्तल केली होती. फुल्यांना हे कळलं असेल का, या विचारानं मला चैन पडत नाही.

कारण पुढं काय झालं ते बघा. १८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक एका इलेक्टोरल मताच्या फरकानं हेज यांच्याकडं गेली, १८७७ मध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांच्या विधानभवनांपुढून लष्कर हललं, आणि १८९० मध्ये मिसिसिपीनं नवी घटना लिहून मतासाठी कर लावला आणि राज्यघटनेतला उतारा समजावून सांगायची परीक्षा ठेवली. वंशाचा शब्दही न उच्चारता काळे मतदार यादीतून साफ! हक्क परत मिळायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. मला याचा फार राग येतो. दार इतक्या मेहनतीनं बांधलं आणि दारावर कुणी थांबलंच नाही!

पण ऐका, अजून आहे! आत घेताना कायद्यात एक अट लिहिली होती. मूलभूत अट. राज्यानं आपली घटना पुढं कधीही अशी बदलायची नाही की ज्यांना मत मिळालंय त्यांचं मत जाईल. कधीही! आणि १८७० मध्ये मिसिसिपीला आत घेताना आणखी एक जोडली: राज्यघटनेनं दिलेला शाळेचा हक्कही कुठल्याही नागरिकाकडून काढून घ्यायचा नाही. शाळा! चार्ल्स्टनमध्ये स्मॉल्सनी मागितली तीच! आणि मला वाटलं होतं की हे सगळं धूळ खात पडलं असेल. नाही! २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या काही काळ्या आया कोर्टात गेल्या. म्हणाल्या, आमच्या मुलांच्या शाळांची दैना बघा, आणि १८७० मध्ये आमच्या राज्याला कोणत्या अटीवर आत घेतलंय तेही बघा! मुलं लहान आणि कायदा दीडशे वर्षांचा, पण तो रद्द झालेलाच नाही! आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की हा दावा पुढं चालू शकतो! म्हणजे मिसिसिपीला कोणत्या अटींवर परत घेतलं होतं, यावर २०२० मध्ये, आपल्या काळात, वकील उभे राहून भांडत होते! मी आता त्या १८७० च्या कायद्याचा पूर्ण मजकूर शोधून काढलाय, छोटासाच आहे, एका पानात मावेल इतका, या, बसा इथं, वाचू या.